गाडी रिकामीच येऊन राह्यली ना!

पुण्याहून निघालेलं विमान सव्वा-दीड तासात नागपूरला टेकतं. नागपूर ते चंद्रपूर अंतर सुमारे १५० किलोमीटर. रस्ता चांगला, अडीच-तीन तासांचा. या दोन सरळ गोष्टींच्या मध्ये एक छोटीशी गोष्ट असते, ती म्हणजे विमानतळावर गाडी बोलावणं. प्रस्तुत लेखकाचे त्यापायी चार दिवस, एकोणतीस फोन आणि एका मावसभावाशी असलेले संबंध खर्ची पडले.

निमित्त मामेबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, मुलीच्या लग्नाचं होतं. लग्न चंद्रपुरात, तेही मे महिन्यात. मे महिन्यात चंद्रपूर आणि त्याच जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी ही दोन गावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत एकमेकांना मागे टाकण्याच्या ईर्ष्येनं उतरतात. पारा ४५च्या पुढे गेला की बाकीच्या महाराष्ट्रात बातमी होते. इथे लोक ‘आज जरा बरं आहे’ म्हणून बाजारात जाऊन येतात. अशा हवेत एसटीनं जाणं प्रस्तुत लेखकानं पहिल्याच मिनिटाला फेटाळलं. रेल्वेही होतीच. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या चंद्रपूर-बल्लारशाहला गाड्यांची वाण नाही. पण विमानातून उतरलेल्या माणसाला लगेच रेल्वेच्या रांगेत उभं राहणं जिवावर येतं. आकाशात मिळवलेली प्रतिष्ठा फलाटावर घालवायची, हे त्याला पटेना.

“खासगी गाडी सांगू,” तो बायकोला म्हणाला. “फक्त आपण दोघं. एसी लावायचा. गाणी आपली, खिडकी आपली.”

बायकोचं माहेर विदर्भातलं. ती काहीच बोलली नाही.

चंद्रपूरला विमानतळ नाही असं कुणी म्हटलं तर चंद्रपूरकराला ते लागतं. “हाये ना, मोरव्याले!” मोरव्याला धावपट्टी आहे हे खरंच. मोठ्या माणसांची लहान विमानं तिथे उतरतात; तिकीट काढून बसायचं विमान मात्र तिथून सुटत नाही. राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्ती इथे मोठा विमानतळ करायचा प्रस्ताव बरीच वर्षं कागदावरच घिरट्या घालतो आहे. जागेत जंगल आलं, आणि जंगल आलं की वाघांचा जाण्यायेण्याचा रस्ता आला. वाघाला ताडोब्यातून राजुऱ्याकडे जायला गाडी बोलवावी लागत नाही. बाकी सगळ्यांना नागपूरच्या सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि तिथून पुढे आपापलं नशीब.

नशिबाची सुरुवात ॲपपासून झाली. कुठे उतरायचं, या चौकटीत प्रस्तुत लेखकानं ‘चंद्रपूर’ लिहिलं. ॲपनं नम्रपणे विचारलं, चंद्रपूर की चांदा फोर्ट? चांद्याचं चंद्रपूर होऊन साठ वर्षं झाली, पण गावातल्या एका रेल्वे स्टेशनाला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. ते आजही चांदा फोर्टच आहे. म्हातारी माणसंही ‘चांद्याले जातो’ असंच म्हणतात. प्रस्तुत लेखकानं संभ्रम टाळण्यासाठी खूण म्हणून ‘औष्णिक वीजकेंद्राजवळ’ असं टाकलं आणि ॲपनं त्याला तत्परतेनं झारखंडातल्या चंद्रपुऱ्याला नेऊन सोडलं. तिथंही औष्णिक वीजकेंद्र आहे. मध्ये अख्खं छत्तीसगड लागत होतं. भाड्याच्या आकड्यात विमानाची परतीची तिकिटं बसली असती आणि वर वधूला आहेरही झाला असता.

मग त्यानं फोन उचलला आणि नागपुरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला गाठलं.

“वन साइड पायजे का टू साइड?”

“वन साइड. आम्हाला फक्त जायचंय.”

“वन साइड नसते ना भाऊ. तुमी उतरून जान. गाडी वापस कोन आनते?”

प्रश्न बिनतोड होता. या धंद्याचा हिशेबच असा आहे की गाडी जिथून निघते तिथे परत येईपर्यंत तिचा मीटर चालू असतो. म्हणजे १५० किलोमीटरसाठी पैसे ३०० किलोमीटरचे. त्यात टोल वेगळा, पार्किंग वेगळं, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा आणि रात्र झाली तर रात्रीचे वेगळे. प्रस्तुत लेखकानं कागदावर मांडून पाहिलं. निम्म्या अंतरात तो स्वतः बसणार होता आणि उरलेल्या निम्म्यात त्याचे पैसे बसणार होते.

“आणि हे बघा,” पलीकडून सल्ला आला, “मंगळवार करता येते का पाहा. मंगळवारी ताडोबा बंद राह्यते, गाड्या मोकळ्या राह्यतात.”

लग्न गुरुवारचं होतं. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनी ग्रहांच्या जागा तपासल्या होत्या, ताडोब्याची साप्ताहिक सुट्टी तपासली नव्हती. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं; १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. मे महिन्यात तिथले पाणवठे आटत जातात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, वाघामागे पर्यटक येतात आणि पर्यटकांपायी नागपूर-चंद्रपूरच्या झाडून साऱ्या इनोव्हा मोहर्ली आणि कोलाऱ्याच्या गेटांकडे धावतात. वऱ्हाडी पाणवठ्यावर येत नाहीत, त्यामुळे त्यांचा नंबर शेवटी.

इथे मावसभाऊ मध्ये पडला. नागपुरात त्याच्या मित्राची गाडी होती, भाडं निम्मं होतं आणि एकच बारीक अट होती. गाडीची पाटी पांढरी होती. भाड्यानं चालवायच्या गाडीला पिवळी पाटी लागते. पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या माणसांसाठी. “त्यात काय? कुणी अडवलं तर सांगायचं, हा माझा साडू,” मावसभाऊ म्हणाला. प्रस्तुत लेखकानं दोन दिवस आरशासमोर हे वाक्य म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, “तुझा साडू म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. मला बहीण कुठाय?” बेत बारगळला आणि मावसभावानं फोन घेणं बंद केलं.

शेवटी हे सगळं चंद्रपूरला कळलंच. भाऊजींचा फोन आला. आवाजात दुःख होतं.

“ॲप-बिप कायले पाहता? आपला मानूस आहे ना!”

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा कारभार कागदावर जिल्हाधिकारी बघतात. प्रत्यक्षात तो ‘आपला माणूस’ चालवतो. गाडीसाठी एक आपला माणूस असतो, सफारीसाठी एक, दवाखान्यासाठी एक आणि तहसिलीत एक. आपल्या माणसाला भाडं विचारायचं नसतं. विचारलं तर तो “द्या ना काई” म्हणतो आणि ऐकणाऱ्याला रात्रभर झोप लागत नाही. त्याला वेळ विचारायची नसते, कारण तो “तुमी उतरा, मी आहोच” म्हणतो. आणि त्याच्या गाडीला ‘खासगी’ तर चुकूनही म्हणायचं नसतं.

ही शेवटची गोष्ट प्रस्तुत लेखकाला उशिरा कळली.

भाऊजींनी गाडी ठरवल्यावर तासाभरात ताईचा फोन आला. गाडी चंद्रपूरहून निघणार, म्हणजे जाताना रिकामीच जाणार, म्हणून शेजारच्या आजोबांना नागपूरला ‘मेडिकल’मध्ये सोडायचं ठरलं होतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पूर्व विदर्भ मेडिकल म्हणतो, आणि तिथे रोज कुणाचं ना कुणाचं काम असतं. जाणाऱ्या गाडीशी प्रस्तुत लेखकाला देणंघेणं नव्हतं, त्यानं उदारपणे होकार दिला. मग संध्याकाळी, “येताना गाडीत तुमी दोघंच. बाकी रिकामीच येऊन राह्यली ना! जावेची पोरगी नागपूरले होस्टेलवर राह्यते, तिले घेऊन घ्या.” दुसऱ्या दिवशी इतवारीतून आहेराची भांडी घ्यायची निघाली. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्या आजोबांची तपासणी एकाच दिवसात उरकणार असल्याचं कळलं, म्हणजे आजोबा आणि त्यांच्यासोबतचा मुलगा हेही परत. “रिकामीच तर येऊन राह्यली” या वाक्याला प्रस्तुत लेखकाजवळ उत्तर नव्हतं. परतीच्या रिकाम्या गाडीचे पैसे तोच भरणार होता. ती रिकामी राहू नये याची काळजी मात्र अख्खं चंद्रपूर वाहत होतं.

विमानतळाच्या बाहेर पडल्यावर पाट्या घेतलेल्या माणसांची रांग असते. कुणाच्या पाटीवर कंपनीचं नाव, कुणाच्या पाटीवर रिसॉर्टचं. त्या रांगेच्या टोकाला एक तरुण छातीशी लग्नपत्रिका धरून उभा होता. वर सोनेरी गणपती आणि खाली ‘चि. सौ. कां.’

“तुमचं नाव कोनी सांगितलंच नाई काकाजी. भाऊ म्हने, लग्नाले येनारा मानूस आहे, समजून जाशीन.”

मे महिन्यात नागपूरला उतरणाऱ्या विमानातली बहुतेक माणसं लग्नालाच आलेली असतात, हा तपशील भाऊजींच्या लक्षात राहिला नव्हता. प्रस्तुत लेखक गाडीपाशी पोचला तेव्हा पुढच्या सीटवर धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ आधीच बसले होते. पत्रिका पाहून ते विश्वासानं आले होते. चौकशीअंती त्यांचं लग्न वेगळं निघालं. गावही वेगळं, वरोरा.

“मंग वरोरा रस्त्यातच तर आहे,” ड्रायव्हर म्हणाला. काकाजी पुढच्या सीटवरून हलले नाहीत.

ठरली होती डिझायर, आली होती बोलेरो. “मानसं वाढले ना,” एवढंच स्पष्टीकरण मिळालं. होस्टेलची मुलगी मधल्या सीटवर खिडकीशी बसली. मेडिकलचे आजोबा दुसऱ्या खिडकीशी. बायको मध्ये. मागे समोरासमोरच्या आडव्या बाकांवर आजोबांचा मुलगा, प्रस्तुत लेखक आणि बावन्न स्टीलची ताटं. ‘गाणी आपली, खिडकी आपली’ यांतलं गाणं बुटीबोरीपर्यंत चाललं. बुटीबोरीला होस्टेलच्या मुलीला मळमळायला लागलं आणि काचा खाली झाल्या. मेच्या दुपारी बारा वाजता विदर्भात गाडीची काच खाली करणं म्हणजे भाकरी थापून झाल्यावर चुलीत डोकावण्यासारखं. एसी बंद करावा लागला. ताटं मात्र गार होती. प्रस्तुत लेखकानं एक मांडीवर घेतलं.

जाम जवळ आलं तसा ड्रायव्हरनं आरसा नीट केला.

“काकाजी, कोनाच्या ब्यागेत काई असन तर आत्ताच सांगून द्या. मंग जाम लागते.”

या वाक्यावर थोडं थांबायला हवं. जाम हे वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातलं गाव. इथून चंद्रपूरचा रस्ता हैदराबादच्या महामार्गापासून फुटतो. आणि वर्धा जिल्ह्यात, गांधीजींच्या सेवाग्राममुळे, १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. दारूबंदीच्या जिल्ह्याच्या नाक्यावरच्या गावाचं नाव जाम असावं, ही गंमत कुणा सरकारी विनोदवीराची नाही, गाव आधीपासूनच तिथे होतं. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३पासून आहे. म्हणजे नागपूरहून चंद्रपूरमार्गे गडचिरोलीला जाणारा माणूस चालू, बंद, चालू, बंद अशा चार मुलखांतून जातो. विजेच्या बटणासारखा. 

गाडीत शांतता पसरली. पुढच्या सीटवरच्या काकाजींनी पिशवी पायाखालून मांडीवर घेतली.

“औषध आहे,” ते म्हणाले.

“मंग झाकून ठेवा,” ड्रायव्हर म्हणाला. जाम लागलं आणि गेलं. कुणी अडवलं नाही. काकाजींच्या कपाळावरचा घाम मात्र उन्हाचा वाटत नव्हता.

नाश्त्याला गाडी एका धाब्यावर थांबली. बायकोनं सराईतपणे आलूबोंडा आणि रस्सा मागवला. प्रस्तुत लेखकानं आपलं भाषाज्ञान दाखवायला “वर थोडा सांभार घाला” असं सांगितलं आणि इडलीबरोबरच्या आमटीची वाट पाहत बसला. त्याच्या बोंड्यावर मूठभर कोथिंबीर आली. विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पैसे द्यायच्या वेळी त्याच्या लक्षात आलं की खासगी गाडीचं भाडं भरणाराच नाश्त्याचंही बघतो. आजोबांनी दोन चहा घेतले. काकाजींनी औषधाबरोबर चालणार नाही म्हणून चहा नाकारला.

वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आनंदवनाच्या फाट्याजवळ, काकाजी उतरले. पुढची सीट मोकळी झाली. प्रस्तुत लेखक मागच्या दारानं उतरून, ताटं नीट लावून, पाठ सरळ करत पुढे पोचेपर्यंत तिथे एक बाई बसलेल्या होत्या. मांडीवर टिफिनचा डबा, डोक्याला पांढरा दुपट्टा.

“म्याडम आपल्या भद्रावतीच्या हायेत,” ड्रायव्हरनं ओळख करून दिली. “शाळेतून आल्या. बस गेली न त्यायची. इतलंसं तर अंतर आहे. सीट रिकामीच होती ना.”

सीट नऊ सेकंद रिकामी होती. प्रस्तुत लेखकानं मोजली होती.

भद्रावतीपर्यंत वाघांवर चर्चा झाली. चंद्रपूरच्या ड्रायव्हरांचं वाघिणींशी बोलणं नातलगांसारखं असतं. माया अशी, छोटी तारा तशी, जुनाबाईला पिल्लं किती झाली. ऐकणाऱ्याला वाटावं, लग्नाच्या पंगतीत याही येणार आहेत. सचिन तेंडुलकरचं ताडोब्यावर प्रेम आहे आणि तो अनेकदा येऊन गेला आहे, हे सर्वांना ठाऊक. त्यावरून विषय निघाला.

“सचिनले याच रस्त्यानं नेलं.”

“तुम्ही?”

“आपन नाई. आपल्या साडूनं.”

साडू हा शब्द ऐकून प्रस्तुत लेखकाच्या पोटात गोळा आला. त्यानं पाटीचा रंग आठवून पाहिला. पिवळाच होता.

चंद्रपूर आलं ते औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांनी. महानिर्मितीचं हे केंद्र २,९२० मेगावॉटचं, देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. डोळ्यांसमोर एवढी वीज तयार होत होती आणि गाडीतला एसी बुटीबोरीपासून बंद होता.

शहरात शिरताना ड्रायव्हरनं विचारलं, “घर जटपुरा गेटच्या आत का बाहेर?” चंद्रपूरचा पत्ता इथून सुरू होतो. गोंड राजांनी बांधलेला परकोट आजही शहराभोवती उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशा त्याच्या वेशी. दंतकथा अशी की खांडक्या बल्लाळशहा राजाच्या कुत्र्याच्या मागे इथे एक ससा लागला. कुत्रा पुढे आणि ससा मागे, असे ते जिथून जिथून पळाले, तिथून शहराची भिंत आखली गेली. ज्या शहराची हद्दच सशानं ठरवली, तिथे मोबाइलमधल्या निळ्या रेषेला कोण विचारणार? मोबाइल म्हणाला, उजवीकडे वळा. ड्रायव्हर डावीकडे वळला. आधी आजोबांना सोडलं, मग होस्टेलच्या मुलीला, मग बावन्न ताटांना. भाडं भरणारा माणूस सर्वांत शेवटी पोचला. ताई दारातच होती.

“त्रास नाई झाला ना? तुमची तर पर्सनल गाडी होती.”

लग्न नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी बायकोच्या मावशीला भेटायला गडचिरोलीला जायचं होतं. प्रस्तुत लेखकानं पुन्हा एकदा गुपचूप ॲप उघडलं. ॲपनं गडचिरोलीत कुठे, असं विचारलंच नाही. गाडी उपलब्ध नाही असं सांगून तो विषय बंद केला. भाऊजींनी मात्र विचारलं, “गडचिरोली म्हंजे कोनती? गाव का जिल्हा?” १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. गोव्यासारखी जवळजवळ चार राज्यं त्यात मावतील. गडचिरोली गाव चंद्रपूरपासून ८० किलोमीटर; तिथून सिरोंचा आणखी दोनशेच्या वर. अनेक वर्षं एवढ्या जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणावं असं एकच होतं, वडसा. त्यामुळे इथे धावणाऱ्या कुठल्याही चाकावर सगळ्या मुलखाचा हक्क असतो आणि हात दाखवला की गाडी थांबते.

भाऊजींनी ठरवलेल्या गाडीतून निघाल्यावर असे हात मूलच्या अलीकडे दिसायला लागले. पहिला हात तेंदूपत्त्याच्या फळीवरून परतणाऱ्या एका जोडप्याचा होता. मे महिना म्हणजे तेंदूचा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं आणि ते फळीवर मोजून द्यायचं. त्यांची बोटं चिकानं काळी झाली होती. बाईंनी बसल्याबसल्या ड्रायव्हरला यंदाचा भाव सांगितला आणि ड्रायव्हरनं त्यांना मागच्या वर्षीचा. दुसरा हात सावलीला आला, त्याच्यासोबत एक पोतं होतं. पोत्यात वाळलेली मोहफुलं. बेदाण्यासारखी दिसतात, हातात घेतली की चिकटतात, आणि बंद गाडीत त्यांचा आंबूस-गोड वास असा काही भरतो की पाच किलोमीटरनंतर माणूस आपोआप मोकळेपणानं बोलायला लागतो. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, म्हणजे दारूबंदी. पुलावर प्रस्तुत लेखकानं वास लपवण्यासाठी श्वास रोखून धरला. पोत्याचा मालक त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहत होता.

“पोरीच्या घरी लाडू कराले चालवले,” तो म्हणाला.

मोबाइलची रेंज एव्हाना गेली होती. मोबाइल नकाशा शोधत होता, ड्रायव्हर खिडकीतून विचारत होता, आणि दोघांपैकी एकच बरोबर निघाला. मावशीकडे पोचेपर्यंत गाडीत एक घट्ट कुटुंब तयार झालं होतं. उतरताना तेंदूवाल्या बाईंनी बायकोला टेंभरं दिली, तेंदूचीच पिवळी गोड फळं. भाड्याचा विषय निघालाच नाही; भाडं तर आधीच कुणीतरी भरलेलं होतं.

परतीचा दिवस उजाडला. ताईनं वाटेसाठी दहा किलो एचएमटी तांदूळ बांधून दिला. हा तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या शेतात निवडून तयार केला आणि त्याला नाव पडलं एचएमटी घड्याळाचं. विमानात १५ किलोंची मर्यादा आहे, असं प्रस्तुत लेखक म्हणाला. “मंग कपडे ठेवून जा,” ताई म्हणाली.

विमानतळावर जायला गाडी सांगावी म्हणून त्यानं खिशात हात घातला, तर भाऊजींनी तो हात तसाच धरला.

“कायले? ताडोब्याचे एक साहेब दिल्लीले चालले. आपलाच मानूस नेऊन राह्यला. गाडी रिकामीच तर चालली!”

इनोव्हा होती. पुढच्या सीटवर टोपी, काळा चष्मा, कॅमेऱ्याची बॅग आणि कानात गाणी, असे साहेब होते. एसी चालू होता. साहेबांनी मागे वळून आधी प्रस्तुत लेखकाकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे, मग मांडीवरच्या तांदळाच्या पिशवीकडे, आणि मग मागच्या रांगेत बसणाऱ्या दोन अनोळखी माणसांकडे. त्यांनी ड्रायव्हरला हिंदीत काहीतरी विचारलं. त्यात ‘प्राइव्हेट’ हा शब्द दोनदा आला.

“अपनेच आदमी है साब,” ड्रायव्हर म्हणाला. “गाडी खाली ही जा रही थी.”

भद्रावती गेली, वरोरा गेलं. साहेबांनी ३०० किलोमीटरचं भाडं भरलं होतं, टोल वेगळा. जाम जवळ आलं तेव्हा प्रस्तुत लेखकाला मळमळायला लागलं. त्यानं मागून साहेबांच्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि जरा काच खाली करता का, असं विचारलं.